थुंब्याची तजवीज

सहकुटुंब प्रवासाचा बेत आखणे ही महसुली कामाचीच एक शाखा आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. कारण तिथेही हद्दी ठरवाव्या लागतात, हरकती ऐकून घ्याव्या लागतात, प्रत्येक हितसंबंधिताला आपल्या पदरात काहीतरी पडले असे वाटेल इतपत निवाडा द्यावा लागतो, आणि एवढे सारे होऊनही अंमलबजावणीच्या दिवशी कोणीतरी अगदी नवीनच अर्ज घेऊन दारात उभे राहते. कोल्हापूर जिल्ह्यातील धरणांच्या भूसंपादनात सारी नोकरी घालवून सेवानिवृत्त झालेल्या माझ्यासारख्या गृहस्थाकडे घरच्या सहलींचा बंदोबस्त आपसूक येतो, आणि मीही तो मोठ्या आनंदाने पत्करतो. कागद, पेन्सिल, रेल्वेचे वेळापत्रक आणि समोर आपापले म्हणणे मांडणारी माणसे असा सरंजाम पुढे असला, की निवृत्तीचा विसर पडतो.

नाताळच्या सुटीत तिरुवनंतपुरमास मुक्काम करावा, यावर सर्वांचे एकमत झाले होते. मतभेद होता तो त्या मुक्कामातील एका विशिष्ट दिवसावर, कारण भाड्याची मोठी गाडी त्याच दिवसापुरती मिळणार होती. सौभाग्यवतींना अनंतशयनी पद्मनाभाचे दर्शन हवे होते व ते पहाटेचेच हवे होते. चिरंजीवांना, सारे वर्ष संगणकाच्या पडद्यापुढे घालविलेल्या कोणाही तरुणास वाटावे त्याप्रमाणे, कोवळमच्या वाळूत निरुद्योगी पडून राहावयाचे होते. सूनबाईंना बलरामपुरमच्या हातमागावर विणली जाणारी ती पांढरी, सोनेरी काठांची वस्त्रे प्रत्यक्ष मागापाशी उभे राहून पाहावयाची होती. सहा वर्षांच्या नातवाला समुद्र पुरेसा होता, मग तो कोठलाही चालला असता. आणि अकरा वर्षांच्या नातीला रॉकेट हवे होते.

या शेवटच्या मागणीचे मूळ शाळेत होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले, ते या मुलीने मांडी घालून, बोटांची नखे कुरतडत पाहिले होते. आणि तेव्हापासून आमच्या घरात ‘कक्षा’, ‘टप्पा’, ‘भार’ हे शब्द भाजीच्या भावाइतक्या सहजतेने उच्चारले जात असत. चिरंजीवांनी तिची समजूत घालण्यासाठी सांगितले, की खरी रॉकेटे श्रीहरिकोट्याहून सुटतात आणि ते आंध्रच्या किनाऱ्यावर आहे, तेव्हा यंदा नाही. हे अर्धे बरोबर होते. उपग्रह घेऊन जाणारे मोठे अग्निबाण श्रीहरिकोट्याहूनच सुटतात, कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्या फिरण्याचा वेग उड्डाणाला फुकट मिळावा म्हणून पूर्वेकडे झेपावणे सोयीचे असते, आणि त्यातून गळून पडणारे टप्पे लोकवस्तीवर न पडता बंगालच्या उपसागरात पडावेत अशीही सोय तिथे आहे. तिरुवनंतपुरमच्या पूर्वेला मात्र सारी जमीन आणि माणसेच आहेत. परंतु भारताचे पहिले रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालेले नाही. ते उडाले तिरुवनंतपुरमच्या वेशीजवळील थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावाहून, २१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी, आणि त्या गावचे जुने चर्च आज अंतराळ संग्रहालय होऊन पाहुण्यांसाठी उघडे असते. ही माहिती मी सभेपुढे ठेवली, तेव्हा नातीने माझ्याकडे जे पाहिले ते पाहून माझा निवाडा तिथल्या तिथे झाला होता. बाकीची सुनावणी केवळ उपचार म्हणून चालली.

कोल्हापूरकराने थुंब्याला जावे याला आणखी एक कारण होते, ते मी सभेत न सांगता मनात ठेवले. एकनाथ चिटणीस हे कोल्हापुरात जन्मलेले. अहमदाबादेस विक्रम साराभाईंच्या हाताखाली विश्वकिरणांवर संशोधन करणारे हे गृहस्थ पुढे रॉकेटतळासाठी केरळच्या किनाऱ्यावर जागा शोधत फिरले, आणि थुंब्याची निवड होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुण्यात जन्मून कोल्हापुरात वाढलेले वसंत गोवारीकर इंग्लंडातील काम सोडून साराभाईंच्या बोलावण्यावरून येथे आले, घन इंधनाच्या कामाची धुरा त्यांनी वाहिली, आणि १९८० साली एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकपद त्यांच्याकडे होते. पुण्याचे प्रमोद काळे तर अगदी पहिल्या तुकडीतले. तेही पुढे याच केंद्राचे संचालक झाले. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत शाहू महाराजांच्या कुस्त्यांपासून चित्रपटांच्या स्टुडिओपर्यंत कोल्हापूरच्या सर्व वैभवांची उजळणी नित्य होते, पण चिटणीस आणि गोवारीकर या दोन नावांचा उल्लेख क्वचितच निघतो, याचे मला नवल वाटते.

मग मसुदा. जाणत्या प्रवाशाने ध्यानात ठेवावे, की अशा ठिकाणी दिवसाचा क्रम हौसेने न ठरविता पोशाख, ऊन आणि कागदपत्रे यांनी ठरवावा. पद्मनाभस्वामींच्या मंदिरात पुरुषांनी उघड्या अंगाने मुंडू नेसून, आणि स्त्रियांनी साडी किंवा तत्सम लांब वस्त्र नेसूनच प्रवेश करावयाचा असतो. तेव्हा ते पहाटेच उरकून, मुक्कामी परत येऊन, कपडे बदलूनच पुढे जाणे इष्ट, अन्यथा चिरंजीव दिवसभर मुंडू सावरीत रॉकेटे पाहतील. थुंब्याचे संग्रहालय हे संरक्षित सरकारी आवारालगत असल्याने थोरांची सरकारी ओळखपत्रे, मूळ प्रतींसह, एकाच पाकिटात आणि ते पाकीट माझ्याच पिशवीत असावे. संग्रहालयाच्या वेळा व सुटीचे दिवस कोणा मित्राच्या जुन्या आठवणीवरून न धरता आदल्या आठवड्यात विचारून घ्यावेत. आणि समुद्रकाठच्या त्या दमट हवेत, डिसेंबर असला तरी, मुलांना भर माध्यान्ही उघड्यावर उभे करू नये. यावरून क्रम आपोआप ठरला: पहाटे देव, सकाळी न्याहारी, मग थुंबा, भोजनोत्तर विश्रांती, आणि सूर्यास्ताला कोवळम. बलरामपुरम दुसऱ्या दिवशीच्या कन्याकुमारीच्या वाटेवर पडत असल्याने सूनबाईंचा अर्ज त्या दिवशीच्या दफ्तरी वर्ग केला. त्यांनी तो निर्णय ज्या शांतपणे मान्य केला, त्या शांतपणाने माझ्या मनात जरा शंका आणली खरी.

प्रवासाचे वर्णन करीत नाही. रत्नागिरीस नेत्रावती एक्स्प्रेस पकडली, बोगदे मोजण्याच्या स्पर्धेत नातू गोव्याच्या अलीकडेच झोपी गेला, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर नारळाखेरीज काहीच दिसेनासे झाले, एवढे पुरे.

पहाटेचे दर्शन यथासांग झाले. गाभाऱ्यातील ती प्रचंड शेषशायी मूर्ती एका दृष्टीत मावत नाही. तीन दारांतून क्रमाने मुख, नाभी आणि चरण असे तिचे दर्शन घ्यावे लागते. नातीने बाहेर आल्यावर शेरा मारला की देवसुद्धा टप्प्याटप्प्याने दिसतो. आजीने तिला गप्प केले, पण मला तो शेरा शास्त्रशुद्ध वाटला. न्याहारीस थंपानूरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये गेलो. लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज, पण पुरे केरळीय झालेल्या वास्तुविशारदाने विटांचे ते नागमोडी चढत जाणारे वर्तुळाकार घर उभारले आहे. आत मेजे आणि बाके उताराच्या कडेने मांडलेली, आणि पंख्यासारखा तुरा असलेले फेटे बांधलेले वाढपी त्या चढणीवरून कपबशा न हिंदकळविता ये-जा करीत असलेले. मसाला डोशाच्या भाजीत बीट निघाल्याने नातवाने तो खाण्यास साफ नकार दिला. त्या नकारात, समजुतीत आणि शेवटी मागविलेल्या साध्या डोशात आमच्या मसुद्यातील बराच वेळ खर्ची पडला.

शहरापासून थुंबा फार दूर नाही. विमानतळाचा परिसर ओलांडून, वेलीचे सरोवर आणि त्याला समुद्रापासून विलग करणारी वाळूची पट्टी डावीकडे ठेवून गाडी जाते. मग एकाएकी कुंपणे, पाट्या आणि पहारे यांचा मुलुख सुरू होतो. ओळखपत्रांचे पाकीट बाहेर निघाले, नावे वहीत चढली, आणि मोटारीतून उतरून पाहतो तो समोर माडांच्या सावलीत ते चर्च उभे. बाहेर अंगणात रॉकेटांच्या प्रतिकृती आकाशाकडे नाक करून उभ्या, आणि मागे सेंट मेरी मॅग्डेलीनच्या मंदिराचे शांत, शुभ्र दर्शनी तोंड. चिरंजीव आणि मुले रॉकेटांकडे धावली. मी मात्र इमारतीकडेच पाहत राहिलो, आणि याला माझी नोकरी जबाबदार आहे.

प्रथम, येथेच का, हे सांगितले पाहिजे. पृथ्वीचे एक भौगोलिक विषुववृत्त असते तसे एक चुंबकीय विषुववृत्तही असते. होकायंत्राची सुई मधोमध टांगून मोकळी सोडली तर कोल्हापुरात तिचे उत्तरेकडील टोक खाली झुकेल. थुंब्याच्या आसपास मात्र ती जमिनीला जवळजवळ समांतर राहते. या रेषेवर, जमिनीपासून सुमारे शंभर ते एकशे दहा किलोमीटर उंचीवर, दिवसा एक प्रबळ विद्युत्प्रवाह वाहत असतो; नातीला मी तो आकाशातून पूर्वेकडे वाहणारी विजेची नदी म्हणून समजावला. त्या उंचीवर संशोधनाचे फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह टिकत नाहीत, कारण त्यांच्या मानाने तेथील हवा फारच दाट असते. तेव्हा त्या पट्ट्याचा अभ्यास करावयाचा तर उपकरणे घेऊन वर जाणारे आणि मिनिटांतच खाली येणारे छोटे रॉकेट हाच काय तो उपाय. साराभाईंना नकाशावर जी जागा हवी होती ती या रेषेच्या जवळ हवी होती, समुद्राला लागून हवी होती, आणि ती जिथे सापडली तिथे हे चर्च होते, बिशपांचे घर होते, शाळा होती आणि कोळ्यांची वस्ती होती.

पुढची हकीकत डॉ. अब्दुल कलामांनी लिहून आणि अनेक भाषणांतून सांगून सर्वश्रुत केली आहे. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी त्यांना रविवारच्या प्रार्थनेस बोलावले, जमलेल्या भाविकांपुढे विज्ञानाचे कार्य आणि धर्माचे कार्य यांविषयी बोलून, तुमचे हे देवघर, माझे निवासस्थान आणि तुमची घरे या शास्त्रीय कामासाठी देऊ या का, असे विचारले. आणि सभा ‘आमेन’ म्हणाली. सुमारे सहाशे एकर जमीन अशी मिळाली. तेव्हाचे जिल्हाधिकारी के. माधवन नायर यांनी ताबा देण्याचे काम पार पाडले. चर्चमध्ये कचेरी आणि प्रयोगशाळा थाटली, बिशपांच्या खोलीत आराखडे काढण्याचे काम सुरू झाले, आणि गावकऱ्यांसाठी दुसरीकडे नवी वस्ती व नवे चर्च उभे राहिले.

आता, भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यान्वये ज्याने हयातभर काम केले आहे त्याच्या कानाला ही हकीकत कशी लागते, हे वाचकांनी क्षणभर विचारात घ्यावे. कलम ४ ची अधिसूचना, कलम ५-अ खालील हरकती, कलम ६ ची घोषणा, कलम ९ च्या नोटिसा, कलम ११ चा निवाडा, मग भरपाईचा वाद न्यायालयात, मग व्याज, मग वारसांचे वाद: अशी पावले एका रस्त्याच्या रुंदीकरणास दहा-दहा वर्षे टाकली गेलेली मी पाहिली आहेत. ‘आमेन’ या एका शब्दाला त्या कायद्यात कोठेच जागा नव्हती. म्हणून प्रथम ही गोष्ट वाचली तेव्हा मला ती एखाद्या साधुपुरुषाच्या चरित्रातील चमत्कारासारखी अविश्वसनीय वाटली होती. आणि त्या इमारतीपुढे उभे असता मात्र ती अविश्वसनीय न वाटता निराळ्याच कारणाने मनाला टोचू लागली. सभेने ‘हो’ म्हणणे आणि प्रत्येक खातेदाराने ‘हो’ म्हणणे यांत अंतर असते. ग्रामसभेत हात वर करणारा माणूस घरी जाऊन रात्रभर जागा असतो, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तो कचेरीच्या दारात येतो, पण बोलत काहीच नाही, नुसता खांबाला टेकून उभा राहतो. थुंब्याच्या प्रचलित कथेत शास्त्रज्ञांची नावे आहेत, बिशपांचे नाव आहे, जिल्हाधिकाऱ्यांचेही आहे. ज्या कोळ्यांच्या होड्या त्या वाळूवर ओढलेल्या असत त्यांची नावे त्या कथेत येत नाहीत. गावचा दाखला, मोजणी आणि यादी करणाऱ्या तलाठ्याच्या दर्जाच्या कारकुनाचे तर येतच नाही. पण ती आमच्या खात्याची सर्वकालीन व्यथा आहे, तिचा येथे विस्तार नको.

आणखी एक गोष्ट मनात आली ती अशी. आमच्याकडे धरणाखाली गाव जाते तेव्हा घरे, पार, चावडी, स्मशान सारे पाण्याखाली जाते, आणि देव मात्र लोक उचलून नव्या वसाहतीत नेतात. कित्येकदा तर ग्रामदैवताची मूर्ती हलविल्याखेरीज माणसे घर सोडीत नाहीत, आणि त्या मूर्तीसाठी मंदिराचे अंदाजपत्रक मी स्वतः तयार करून वर पाठविलेले आहे. येथे उलटे झाले. माणसे उठली आणि देवाचे घर जागच्या जागी, धक्का न लागता, नव्या कामावर रुजू झाले. पाडून त्या ठिकाणी सिमेंटची चौकोनी कचेरी उभारणे सरकारास काही अवघड नव्हते, आणि आमच्या खात्याची रीत पाहता तेच झाले असते. ते ज्यांनी केले नाही त्यांच्या शहाणपणाला मी मनोमन नमस्कार केला. संग्रहालयातील कोणत्याही प्रतिकृतीपेक्षा ती इमारतच मला त्या संग्रहालयातील सर्वांत मोलाची वस्तू वाटते.

आत उंच छताखाली छायाचित्रे, तक्ते आणि नमुने क्रमाने मांडलेले आहेत. पहिल्या उड्डाणाचा इतिहास मुलांना मी तेथेच सांगितला. नाइके-अपाचे रॉकेट अमेरिकेने दिलेले, त्यातील सोडियमच्या बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे, आणि पुढे संगणक व हेलिकॉप्टर सोव्हिएत देशातून आलेले: शीतयुद्ध ऐन भरात असता एका कोळीवाड्यात हे तिघे एकत्र नांदले, आणि २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी हा तळ संयुक्त राष्ट्रसंघास अर्पण केला. पहिल्या दिवशी रॉकेट चर्चमधून क्षेपणमंचापर्यंत मालमोटारीने नेले, पण उचलायच्या वेळी यारीच्या द्रवयंत्रणेतून गळती सुरू झाली, तेव्हा उरलेले काम माणसांनी हातांनी रेटून पुरे केले, असे कलाम सांगतात. वेळ मुद्दाम सूर्यास्तानंतरची होती. खाली जमिनीवर अंधार पडलेला असतो तेव्हा शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन अजून असते, त्या उन्हात सोडियमचे बाष्प नारिंगी रंगाने झळकते, आणि तो ढग कोणत्या दिशेने किती वेगाने पसरतो याची छायाचित्रे घेऊन वरच्या वाऱ्यांचे गणित मांडता येते. केरळच्या लोकांनी त्या दिवशी संध्याकाळच्या आकाशात तो नारिंगी ढग पाहिला. कोणास काय वाटले असेल, ते वाटो.

सायकलच्या मागे रॉकेटाचे शंकूसारखे टोक बांधून नेणाऱ्या माणसांचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र आँरी कार्तिए-ब्रेसाँने १९६६ साली येथेच टिपले. चिरंजीवांनी लगेच, याच लोकांनी उपग्रह बैलगाडीतूनही नेला होता, अशी पुस्ती जोडली, आणि देश किती गरीब होता यावर सूनबाईंशी त्यांचा थोडा संवाद झाला. बैलगाडीचे ते चित्र थुंब्याचे नाही आणि त्या अर्थी गरिबीचेही नाही. तो ॲपल नावाचा उपग्रह. बंगळुरास त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती, भोवती धातू असला तर मोजमाप बिघडते, आणि लाकडी बैलगाडी ही त्या कामी सर्वांत सोयीची, शिवाय तत्काळ मिळणारी गोष्ट होती. १९ जून १९८१ रोजी तो उपग्रह फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपीय रॉकेटाने वर गेला. ज्याला ‘साधन नव्हते म्हणून’ असे आपण चटकन म्हणतो, तेथे पुष्कळदा ‘हेच साधन योग्य होते म्हणून’ असे उत्तर असते. सायकलीबद्दल मात्र मी तसे म्हणणार नाही. तेव्हा तळावर वाहनांची खरोखरच चणचण होती.

नातीचा उत्साह आकड्यांत होता. २० नोव्हेंबर १९६७ रोजी येथून उडालेले पहिले भारतीय बनावटीचे रॉकेट आरएच-७५, त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर, म्हणजे तिच्या पंजाच्या रुंदीएवढा. १९८० चे एसएलव्ही-३: २२ मीटर उंच, १७ टन वजनाचे, आणि वाहून नेण्याची कुवत ४० किलो. चांद्रयान-३ नेणारे एलव्हीएम-३: साडेत्रेचाळीस मीटर उंच, ६४० टन. हे तिन्ही तिने वहीत एकाखाली एक लिहिले, आणि मग तिच्या भावाचे वजन विचारून एसएलव्ही-३ ने असे किती भाऊ नेले असते याचा भागाकार केला. उत्तर दोनपर्यंत आल्यावर भाऊ रडू लागला, कारण त्याला एकट्यालाच जायचे होते. थुंब्याहून रॉकेटे अजूनही उडतात. आरएच-२०० या लहान रॉकेटाचे सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण २३ नोव्हेंबर २०२२ रोजी येथूनच झाले. आमच्या तारखेला मात्र उड्डाण नव्हते, आणि नातवाची समजूत अंगणातल्या प्रतिकृतींपाशी घालावी लागली.

बाहेर पडताना नातीने विचारले, “आबा, मग ते कोळी कुठं गेले?”

मसुद्यात या प्रश्नाला वेळ ठेवलेला नव्हता. शेजारीच पल्लित्तुरा नावाची वस्ती आहे, तिथे नवे चर्च आहे, एवढे मला ठाऊक होते, ते मी सांगितले. ती म्हणाली, “मग तिथं जाऊ या की.” चिरंजीवांनी घड्याळाकडे पाहिले आणि कोवळमच्या सूर्यास्ताचा उल्लेख केला, तेव्हा सूनबाई, ज्यांचा बलरामपुरमचा अर्ज मी इतक्या सहजपणे पुढे ढकलला होता, तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “कोवळमचा समुद्र उद्याही असेल ना हो.” निकाल बहुमताने लागला. वाहनचालकाशी जादा फेऱ्याचे बोलणे करावे लागले. त्याला हिंदी बेताचे, मला मल्याळम मुळीच नाही, पण रक्कम दोघांनाही समजत होती.

पल्लित्तुऱ्यात पाहण्यासारखे काही आहे असे कोणतीही प्रवासपुस्तिका सांगणार नाही. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंस घरे, चर्च, पलीकडे समुद्राचा आवाज, आणि मोकळ्या वाळूत अनवाणी फुटबॉल खेळणारी मुले. नातू विचारपूस न करता त्यांच्यात घुसला, आणि त्यांनीही त्याला विचारपूस न करता गोलरक्षक केले. सौभाग्यवती डोक्यावर पदर घेऊन चर्चमध्ये जाऊन आल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “आपला देव तिथं सोडून कोण येतंय? आणला असणार इकडं.” सूनबाई रस्त्याकडेच्या पाटीतील माशांचे भाव खुणांनी विचारीत होत्या, मुक्कामाच्या ठिकाणी चूल नसताही. नात माझ्यापाशी वही घेऊन उभी राहिली.

“सहाशे एकर म्हणजे किती, आबा?”

मी म्हणालो, चोवीस हजार गुंठे. आपल्या घराची जागा दोन गुंठ्यांची.

तिने भागाकार केला, थोडा वेळ आकड्याकडे पाहिले, आणि विचारले, “त्यांना पैसे किती मिळाले?” तेव्हा मी तिला निवाडा म्हणजे काय, बाजारभाव कसा ठरवितात, सक्तीच्या संपादनाबद्दल त्यावर शेकडा पंधरा अधिक का देत असत, हे माझ्या सवयीप्रमाणे पहिल्यापासून सांगू लागलो. ती लिहून घेत होती. सौभाग्यवतींनी ते काही वेळ ऐकले आणि मग म्हणाल्या, “अहो, पोरीला कलमं काय सांगताय? तिला विचारायचंय, ते रडले का.”

नातीने वहीतून मान वर करून होकार दिला.

मी माझ्या नोकरीत पाहिलेल्या एका गावाची हकीकत तिला सांगितली, जिथे शेवटच्या दिवशी एकही माणूस रडला नव्हता, फक्त एका म्हातारीने निघताना दार उघडेच टाकायचे की कडी लावायची यावर फार वेळ वाद घातला होता. तिने ते लिहिले नाही. तेवढ्यात पलीकडे नातवाच्या पायांमधून चेंडू जाऊन गोल झाला, दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला, आणि वही माझ्या हातात देऊन ती भावाची बाजू घ्यायला धावली. चालकाने दोनदा भोंगा वाजविला. चिरंजीव, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, केव्हाच खेळात उतरले होते.